चौदा वेळा न पाहिलेलं पुस्तक

मंगळवार, १८ नोव्हेंबर. वसू, तुझ्या घरी असलेली कॉलेजची पुस्तकं परत आणायची, हे आजचं काम. यादीत एकतीस नावं होती. दोन कापडी पिशव्या, धूळ पुसायला जुना पंचा आणि यादीचा कागद घेऊन मी अकरा वाजता जुळे सोलापुरात तुझ्या दारात पोचले. बेल वाजवायला हात वर गेला आणि लक्षात आलं, दार उघडंच आहे. आत तुझा भाऊ शिरीष खोकी बांधत होता. पुण्याहून रजा काढून आलाय. उद्या दुपारी टेंपो येणार, की फ्लॅट रिकामा.

"शैलाताई, कॉलेजची तेवढी तुम्ही वेगळी काढा," तो म्हणाला. "मला सगळी सारखीच दिसतात." मग टेबलाकडं बघून म्हणाला, "आणि ह्या फायली. ह्यांचं काय करायचं ते उद्या सकाळपर्यंत सांगा. माझ्याकडं ठेवायला जागा नाही, आणि रद्दीत टाकायला हात होत नाही."

नऊ फायली. तुझ्या पुस्तकाची नऊ प्रकरणं, सगळी माझ्या अक्षरात. दहावं व्हायचं राहिलं. दवाखान्यात तू माझं मनगट धरून कबूल करून घेतलंस, "दहावं झाल्याशिवाय छापायचं नाही, शैले. अपुरं पुस्तक म्हणजे अपुरा पूल." मी हो म्हणाले. तेव्हा तुला नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. पण तू तर गेलीस, म्हणजे दहावं कधीच होणार नाही, म्हणजे मी शब्द पाळायचा तर अकरा उन्हाळ्यांचं काम खोक्यात मरणार. शिरीषला एवढंच म्हणाले, "उद्या सांगते."

वसू, तू जाऊन तीन आठवडे झाले. शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्य तुला 'ज्ञानतपस्विनी' म्हणाले तेव्हा मी मागं चहाचं बघत होते. आज सकाळी अकरापर्यंत मी तुझ्यावर चिडले नव्हते. तू नव्हतीस, एवढंच होतं. साडेबारानंतर चिडले आहे. हे सगळं त्या चिडण्यातूनच लिहिते आहे, तेव्हा यात 'ज्ञानतपस्विनी' शोधू नकोस.

माझ्या ग्रंथालयातली झडती तुला माहीत आहे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी उघडून उपडं धरते आणि झटकते. मग मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदी खिशात बोट घालून बघते. त्या खिशात पूर्वी पुस्तकाचं कार्ड असायचं. कॉम्प्युटर आला, कार्डं गेली, खिसे राहिले, आणि पोरं त्यात वाट्टेल ते ठेवतात. हॉल तिकीट, केसाच्या पिना, पासपोर्ट फोटो, वाळलेला कढीपत्ता. एकदा अख्खा उडदाचा पापड निघाला होता, न मोडलेला.

"तू पोलिसात जायला हवं होतंस," तू म्हणायचीस.

"गेले असते तर आधी तुला धरलं असतं. महिन्याची मुदत, आणि पुस्तकं वर्ष वर्ष घरी."

तुझी झडती कधी झाली नाही. नियम असा की मुदत वाढवायची तर पुस्तक काउंटरवर आणायचं. प्राध्यापकांनी आणायचं, प्राचार्यांनीही. तू मात्र फोन करायचीस. "शैले, ते निळं जाड पुस्तक. वाढव गं." मी बटण दाबायचे, तारीख पुढं जायची. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हा एकच नियम मोडला आणि एकाच माणसासाठी.

ते निळं जाड पुस्तक तुझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर होतं. मी ते पुसलं आणि मागचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, गेल्या वर्षीच्या ऑगस्टचा. माझ्या यादीत त्याच पुस्तकापुढं आकडा होता: मुदतवाढ, चौदा वेळा. चौदा महिने मी ज्या पुस्तकाची मुदत वाढवत होते ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. सवयीनं झटकलं, काही पडलं नाही. सवयीनंच खिशात बोट घातलं, तर आत चार घड्या घातलेला कागद.

तपासणीचा रिपोर्ट होता. तुझं नाव, तुझं वय. गेल्या वर्षीचा सप्टेंबर. मोठ्या आतड्यातली गाठ, कसली ते स्पष्ट शब्दांत. खाली डॉक्टरांनी पेनानं लिहिलेलं, ऑपरेशन लवकरात लवकर करून घ्यावे. 'लवकरात लवकर'खाली दोन रेघा. तू पेपर तपासताना पोरांच्या मोठ्यात मोठ्या चुकीलासुद्धा एकच रेघ मारायचीस.

मी पलंगावर बसले. बाहेर शिरीष चिकटपट्टी फाडत होता, त्याचा आवाज येत होता.

ह्या ऑगस्टमध्ये तू अॅडमिट झालीस तेव्हा मला म्हणालीस, "आत्ताच निघालं गं, अचानक." मी तुझ्या पायाशी बसून तुला समजावलं. म्हणाले, "आतड्याचं असंच असतं, वसू. आत काय चाललंय ते कळतच नाही. तुझा काय दोष?" तू डोळे मिटून मान हलवलीस. मला वाटलं, दुखतंय. मग तेच वाक्य मी शिरीषला सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, स्टाफरूममध्ये विचारील त्याला सांगितलं. कुणी म्हणालं, "एवढ्या शिकलेल्या बाईनं आधी दाखवायला नको?" तर मी त्याच्याशी भांडले. तुझं खोटं मी दारोदार वाटलं, आणि तेही खरं समजून.

त्याच्या आधीचं सगळं आता नव्यानं आठवतंय. जेवण जात नाही, तर म्हणालीस अॅसिडिटी. मी ओवा भाजून आणून दिला. तू बरणी ठेवून घेतलीस आणि वर सांगितलंस, "फरक पडला हं." वजन उतरलं, तर म्हणालीस संध्याकाळचं जेवण सोडलंय. मी म्हणाले, मलाही सोडायला हवं. तू केवढी हसलीस. ती ओव्याची बरणी आज तुझ्या फडताळात दिसली. काठापर्यंत भरलेली.

मी तिथूनच रेहानाला फोन लावला. रेहाना तुझी विद्यार्थिनी, आता तुझ्याच विभागात तासिकांवर शिकवते. गेली दोन वर्षं तू तिच्याच गाडीवर मागं बसून फिरत होतीस.

"रेहाना, गेल्या सप्टेंबरात मॅडमना दवाखान्यात कुणी नेलं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"तुझीच गाडी होती ना?"

"ताई, मॅडमनी कसम घातली होती."

"कितीदा गेलात?"

"तीनदा. तिसऱ्या टायमाला डॉक्टर लई ओरडले त्यांना. मॅडम म्हणल्या, मे महिना जाऊ द्या, दहावं प्रकरण झालं की मी स्वतः येऊन झोपते टेबलावर."

"आणि तू गप्प बसलीस."

"मी रडले ताई. मी म्हणलं, शैलाताईंना तरी सांगू. तर म्हणल्या, शैलाला कळलं तर ती मला दंडाला धरून नेईल, आणि माझं पुस्तक तसंच राहील."

खरं आहे. नेलंच असतं. दंडाला धरून जिना उतरवला असता, रिक्षात घातलं असतं, फॉर्मवर सही करून बाकड्यावर बसून राहिले असते. तू शिव्या दिल्या असत्यास. त्या मी ऐकून घेतल्या असत्या, डब्यात पेज घालून आणली असती, आणि पुढच्या मे महिन्यात तू उठून बसून दहावं प्रकरण सांगितलं असतंस. कदाचित. डॉक्टर नाही मी. पण तुला वाचवायला जी बाई सगळ्यात आधी धावली असती, तिलाच तू नेमकी वगळलीस. माझी पारख तू बरोबर केलीस आणि त्या पारखीचा उपयोग माझ्याविरुद्ध केलास. मी जरा कमी जवळची असते तर मला सांगितलं असतंस. रेहानाला सांगितलंसच की.

आणि त्या पोरीच्या गळ्यात तू काय बांधून गेलीस, याचा विचार केलास का? ती चौदा महिने माझ्यासमोर काउंटरला येत होती, पुस्तकं ठेवत होती, खाली बघत होती. मला वाटायचं, लाजाळू आहे.

तुझं पुस्तक सुरू कसं झालं ते आठव. मी तुझ्या वर्गात नवी पुस्तकसूची द्यायला आले होते. तू इंग्रजीतली जुनी शोकांतिका शिकवत होतीस, चारशे वर्षांपूर्वीच्या काळातली. सगळ्या विद्या शिकून झालेला पंडित, त्याला त्या पुरत नाहीत, म्हणून तो सैतानाशी करार करतो: ठरावीक वर्षं सगळं ज्ञान, सगळी सत्ता, आणि मुदत संपली की आत्मा तुझा. केम गावाहून रोज रेल्वेनं येणारी सुरेखा मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, त्याला बायकू न्हवती का?"

"नव्हती."

"मग बरोबर हाय. बायकू असती तर सही करू दिली नसती की."

वर्गात हशा फुटला. तू पुस्तक मिटून टेबलावर ठेवलंस आणि पोट धरून हसलीस. पण तास संपल्यावर व्हरांड्यात मला म्हणालीस, "ह्या पोरीला नाटक कळलंय, शैला. परीक्षेत मात्र ती गाइडमधलं पाठ करून लिहिणार, कारण तिला कळलेलं लिहायला तिच्याकडं इंग्रजी नाही. ह्यांच्यासाठी कुणीतरी मराठीत लिहायला पाहिजे."

"मग लिही की."

"तू लिहून घेशील?"

एवढ्यावर अकरा उन्हाळे गेले. मे महिन्यात कॉलेज बंद, कूलरमध्ये पाणी भरायचं, पडदे ओढायचे, आणि तू अनवाणी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालत बोलायचीस. ग्रंथालयातून बाद झालेली कार्डं मी गोणीभर आणली होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचे आणि नंतर फुलस्केपवर उतरवायचे. आपली एकच अट होती. मला कळलं नाही की मी पेन खाली ठेवायचं. बोलायचं काही नाही, नुसतं पेन ठेवायचं. तू थांबून तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचीस. एका वाक्याला मी पाच वेळा पेन ठेवलं होतं. पाचव्यांदा तू चिडून भाकरीचा तुकडा मोडलास आणि तोंडात घास असताना जे बोललीस तेच पुस्तकात आहे.

मला पुस्तकांचे नंबर पाठ होते, पुस्तकं नव्हती. हे मी तुला कधी म्हणाले नाही. चाळिशी उलटल्यावर मला कुणीतरी पुस्तकाच्या आत नेलं, ते तू. त्या नाटकांच्या काळातली माणसं नुकती समुद्रापलीकडचे नकाशे काढत होती, आकाशाला नळ्या लावून बघत होती, प्रेतं उघडून आत काय आहे ते तपासत होती. माणसाला पहिल्यांदाच वाटत होतं की सगळंच कळू शकेल. आणि त्याच गावातल्या चर्चमधून रोज सांगत होते, मर्यादेत राहा. या दोन्हींच्या मधे माणूस ताणला जाऊन तुटतो, त्या तुटण्याची ही नाटकं. तू हे सांगितलंस त्या दुपारी मी पेन एकदाही ठेवलं नाही. घरी जाताना रिक्षात मला वाटलं होतं, मीही त्या काळात असते तर काय केलं असतं? बहुतेक नकाशे नीट लावून ठेवले असते. पण वाटलं होतं, हे खरं.

आपलं भांडण आठव्या उन्हाळ्यातलं. तुझं म्हणणं, त्या पंडिताचा दोष जाणून घ्यायच्या इच्छेत नाही. ती इच्छा हीच माणसाची सगळ्यात चांगली गोष्ट. आयुष्य लहान आणि जाणायचं अफाट, ही त्याची शोकांतिका. मी ते लिहून घेतलं. मग तू शेवटाकडं आलीस. मुदत संपत आलीय, मित्र भेटायला आलेत, आणि आता तो त्यांना कराराचं सांगतो. ते विचारतात, आधी का नाही सांगितलंस?

मी पेन खाली ठेवलं.

"काय कळलं नाही?"

"तो आधी का सांगत नाही? मित्र तर शेजारच्याच खोलीत जेवत होते."

"सांगितलं असतं तर ते वाचवायला आले असते."

"मग येऊ देत की."

"मग नाटक तिथंच संपलं असतं. शैले, बचावलेल्या माणसावर कुणी नाटक लिहीत नाही."

"नको लिहू देत. बचावलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहा पितो."

तू हसली नाहीस. खिडकीशी जाऊन उभी राहिलीस. तिथूनच म्हणालीस, "हा प्रश्न बरोबर आहे. आणि ह्याचं उत्तर मला माहीत नाही. दहाव्यात देते." त्या दिवसापासून दहावं प्रकरण मागं मागं सरकत गेलं. आधी एक पुस्तक वाचायचं राहिलं, मग दुसरं, मग मुंबईहून मागवलेलं, मग त्या निळ्याचा संदर्भ. नऊ प्रकरणांना आठ उन्हाळे लागले, दहाव्याला तीन उन्हाळे पुरले नाहीत. सुरेखा आता करमाळ्याकडं शाळेत शिकवते. दर दिवाळीला तिचा फोन येतो. "शैलाताई, मॅडमचं पुस्तक निघालं का वो?" दर दिवाळीला मी सांगायचे, एकच प्रकरण राहिलंय. या दिवाळीत तिचा फोन आला तेव्हा तू अतिदक्षता विभागात होतीस. मी तेच सांगितलं.

म्हणजे ज्या प्रश्नासाठी तू ऑपरेशन पुढं ढकललंस, तो माझा प्रश्न होता. हे मला आज दुपारी तुझ्या पलंगावर बसून कळलं. अगं, मी तो पेन ठेवून विचारला होता. अशा प्रश्नांसाठी कुणी मरायचं नसतं. उत्तर नाही सापडलं तर 'माहीत नाही' लिहून पुढं जायचं असतं. पण तुला तेच जमलं नाही. तुझ्या त्या पंडिताला तू आयुष्यभर वरून बघत होतीस, त्याच्या चुकांना नंबर देत होतीस, आणि त्याच खोलीत जाऊन तू आतून कडी लावून घेतलीस. सगळं माहीत असून. मुदत माहीत असून. नऊ प्रकरणं स्वतः सांगितलेली असून.

आता मार्चचं सांगते. ते लिहायचं नव्हतं, पण नाही लिहिलं तर मीही तुझ्यासारखीच.

होळीच्या आधी तुझा फोन आला. "शैले, ह्या वेळी निळं पुस्तक घेऊनच येते. तू बघून घे. नियम म्हणजे नियम."

मी म्हणाले, "आज कुठून सूर्य उगवला? कशाला उन्हात येतेस. वाढवते मी."

मग म्हणालीस, "बघ हं."

"बघायचं काय त्यात? झालं सुद्धा."

"बरं," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तुझ्या घरात विजेची बिलंसुद्धा महिन्यांप्रमाणे फायलीत आहेत. बाकीचे सगळे रिपोर्ट एका पाकिटात, पाकिटावर तारीख. हा एकच कागद पुस्तकात, आणि तोही नेमका त्या खिशात. मी दुपारभर दोनच गोष्टींचा विचार केला. एक, सबंध सोलापुरात माझा हात पोचणार नाही अशी ती एकच जागा होती, कारण तुझी झडती मी घेत नव्हते. दोन, माझा हात कधी ना कधी पोचणारच अशीही ती एकच जागा होती. पहिलं खरं असेल तर तू मला फसवलंस. दुसरं खरं असेल तर तू मला सांगायला निघाली होतीस, आणि मी तुला ऊन लागू नये म्हणून दारातूनच परत पाठवलं. कुठलं खरं ते तूच सांगू शकली असतीस. हे दहाव्या प्रकरणासारखंच झालं.

पण ऐक. दुसरं खरं असलं तरी माझा राग जात नाही. तोंड होतं तुला. भारतातल्या कुठल्याही व्यासपीठावर दीड तास न थांबता बोलणारी बाई तू. 'शैला, मला गाठ आहे' ह्याला चार शब्द लागतात. चिठ्ठी लपवून कुणी शोधून काढायची वाट बघायला आपण काय नववीतल्या मुली होतो?

नऊ फायली मी तिथंच बसून चाळल्या. दहाव्यासाठी काही आहे का ते बघत होते. नवव्या फायलीच्या शेवटी एकच कार्ड मिळालं. माझं अक्षर नाही, तुझं. वर लिहिलंय: 'दहा. शैला विचारते, तो आधी का सांगत नाही?' खाली सगळं कोरं. कार्ड उलटं केलं. मागं टाइप केलेली जुनी नोंद, विषय: लोणची व मुरांबे. हसू आलं, आणि मग ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं.

निघताना जिन्यात रेहाना उभी. फोननंतर तशीच आली होती, ओढणी कशीतरी गुंडाळलेली. म्हणाली, "ताई, मला मारा पाहिजे तर."

"मारून काय होणार? ह्या पिशवीचा एक बंद धर."

आम्ही दोघींनी पिशव्या खाली आणल्या. गाडीशी आल्यावर ती म्हणाली, "दहावं मी लिहू का? मॅडमचे मुद्दे आहेत माझ्याकडं. दोन वर्षं लागतील, पण मी सगळं वाचून काढीन. सगळं."

ते 'सगळं' तिनं अगदी तुझ्यासारखं म्हटलं, वसू. तसाच गळा वर करून.

"तुझी पीएचडी पुरी कर आधी," मी म्हणाले. "आणि वेळेवर जेव."

संध्याकाळी घरी आले. पुस्तकं दाराशी ठेवली. कुकर लावला. दिलेल्या शब्दाचा विचार केला. मी शब्द मोडणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू तो घेतलास. पण तू मनगट धरून शब्द मागत होतीस तेव्हाही माझ्याशी खोटंच बोलत होतीस. दहाव्या प्रकरणाची किंमत काय लागली ते तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. अशा करारावर केलेली सही मी मानत नाही. तू माझ्या बाबतीतला निर्णय मला न विचारता घेतलास. मीही तुला विचारत नाही.

पुस्तक अपुरं आहे. अपुरंच निघेल. सुरेखाच्या वर्गातल्या पोरी नववं प्रकरण वाचतील आणि पुढं पान उलटून विचारतील, मग काय झालं? विचारू देत. तू त्यांना विचारायलाच शिकवत होतीस.

बुधवार. सकाळी आठला शिरीषला फोन केला, फायली मी घेऊन जाते. त्यानं त्या दोरीनं बांधूनच ठेवल्या होत्या. नऊ वाजता कॉलेजजवळच्या टायपिंगच्या दुकानात नेऊन दिल्या. तिथल्या मुलीनं अनुक्रमणिका बघितली. "मॅडम, हितं दहा प्रकरणं लिवलीत. फायली नऊच हायत की."

मी पर्समधून कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. "हे दहावं."

"येवढंच?"

"एवढंच. वरती ही एक ओळ. खाली पान कोरं सोड."

"लोक म्हणतील छपाईत गेलं."

"म्हणू देत."

साडेदहाला काउंटर उघडलं. तुझी एकतीस पुस्तकं एकेक करून जमा केली. निळ्या पुस्तकाला सगळ्यात शेवटी आजच्या तारखेचा शिक्का मारला. चिठ्ठीवर आता दोन तारखा आहेत, गेल्या वर्षीचा ऑगस्ट आणि आज. मधे काही नाही.

अकराच्या सुमारास रेहानाचा फोन. "ताई, माझी दोन पुस्तकं आज संपतात. वाढवता का? लागोपाठ तास आहेत मला."

"घेऊन ये."

"ताई, तिसऱ्या मजल्यावर आहे मी."

"मग उतर."

ती धापा टाकत आली आणि पुस्तकं ठेवून उभी राहिली. पहिलं उपडं धरून झटकलं. काही पडलं नाही. मागच्या खिशात बोट घातलं. रिकामा. दुसरं झटकलं, त्याचाही खिसा बघितला. मग तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, ती लाजली नाही, तिनं खालीही बघितलं नाही. मग दोन्ही पुस्तकांवर शिक्का मारला.